कप्तानाचा नवा आवाज

कशेळ्याहून कर्जतच्या शाळेत शिकवायला मी ज्यांच्या जीपने जातो, ते ड्रायव्हरकाका गाडीत गाणी लावत नाहीत. मोबाईलवर अंतराळयानाची श्राव्यमालिका लावतात. मध्येच कुणी काही विचारलं, तर भाग संपेपर्यंत थांबा म्हणून नुसता हात वर करतात.

नव्या भागांत यानाच्या कप्तानाची भूमिका दुसऱ्याच नटाकडे गेली. श्रोत्यांनी मालिकेखालच्या प्रतिक्रियांत त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. मीही लिहिलं, 'हा आमचा कप्तान नव्हे,' आणि आज काकांच्या शेजारी बसून ते त्यांना हौसेने वाचून दाखवलं.

काका हसले नाहीत. पूर्वी त्यांची 'कर्जत, कर्जत' ही हाक पार बाजारापलीकडे ऐकू जायची. घशाच्या ऑपरेशननंतर नुसती खरखर उरली आहे. आता ते जीपच्या दारावर थाप मारून माणसं बोलावतात.

"त्याला बोलू द्या, मास्तर," ते म्हणाले. "व्हईल सवय."

मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "माजी नात अजून फोनवर मलाच सांगते, आजोबांना द्या. मी देतो म्हणतो, नि फोन ठेवतो."