ब्रोटओपांची गाडी

ब्रोटओपांच्या हातात मी पहिल्याच भेटीत ओल्या कचऱ्याची बादली दिली होती. तेव्हा मी साठीची, म्हणजे अगदीच पोरवयाची, आणि आपल्याला सगळं कळतं अशा तोऱ्यात. फ्रँकफर्टजवळच्या त्या गावात मुलाकडे नुकतीच राहायला आले होते. सकाळी गल्लीत घंटा वाजली. डोकावले तर क्रीम रंगाची, फुगीर नाकाची, मागे बंद टप असलेली जुनी गाडी. पुण्यात घंटा वाजल्यावर बाई जे करते तेच मी केलं. बादली उचलली आणि गाउनवरच धावत सुटले. "अहो आई, ती घंटागाडी नव्हे!" सून वरून ओरडत होती. तोवर बटाट्याची सालं एका बेकरीवाल्याच्या हातात पोचली होती.

त्यांनी बादलीत वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "आभारी आहे, पण बटाट्याचा पाव आज मी केलेला नाही." धापा टाकत आलेल्या सुनेनं मला हे मराठीत सांगितलं. मग त्यांनी बादली पायरीशी नीट ठेवली आणि हात देऊन मला गाडीत चढवलं.

ब्रोट म्हणजे पाव आणि ओपा म्हणजे आजोबा. हे नाव माझ्या नातीनं ठेवलेलं. मी त्यांची 'फ्राऊ आज्जी', म्हणजे श्रीमती आज्जी, झाले. नात आज्जी म्हणते म्हणजे तेच माझं आडनाव, असा त्यांचा समज. मी तो कधी दुरुस्त केला नाही. खरं आडनाव त्यांना थोडंच उच्चारता येणार होतं!

गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. आत माणूस ताठ उभा राहू शके. एका बाजूला पावाच्या फळ्या, दुसऱ्या बाजूला अरुंद बाक. समोरच्या काठीवाल्या आजींना चढता यावं म्हणून त्यांनी मागे एक जादा पायरी जोडून घेतली होती. "रस्त्यावर उभ्या राहिल्या तर बायका नुसता पावच घेतील," असं ते म्हणत. हिवाळ्यात आम्ही चार-पाच जणी आत दाटीवाटीनं बसायचो. माझं जर्मन म्हणजे 'या', म्हणजे हो, आणि 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर; पण एवढ्या भांडवलावर मी गल्लीतल्या सगळ्या भानगडी समजून घेतल्या.

एकटीदुकटीला ते अख्खा पाव नेऊ देत नसत. मधोमध कापून अर्धा तिला, अर्धा शेजारणीला. "कसा लागला ते एकमेकींना विचारा," असा वर हुकूम. मला आधी वाटायचं, काय हा भोचकपणा! मग एकदा काठीवाल्या आजी माझ्या दाराशी आल्या, फक्त पावाबद्दल विचारायला. त्या देशात माझं दार असं कुणी पहिल्यांदाच वाजवलं होतं.

त्याच वर्षांत अंडीवाल्याची, मासेवाल्याची अशा जुन्या टपाच्या गाड्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी पांढऱ्या व्हॅन आल्या, सगळ्या एका छापाच्या. ब्रोटओपा म्हणायचे, "मान्य. डिझेल कमी पितात, कुठेही उभ्या राहतात. पण त्यांच्यात पाव मावतात, माणसं नाही."

मग त्यांची गाडी तपासणीत नापास झाली. मी मुलाला पिटाळलं. टॉर्च घेऊन तो गाडीखाली शिरला आणि गंजानं माखून बाहेर आला.

"आई, वरचा रंग तेवढा शाबूत आहे."

"अरे, एवढा मोटारींचा इंजिनिअर तू, एखादा पत्रा ठोक की!"

"आई, मी कंप्युटरवर ब्रेक लावतो. ठोकायला मला कुणी ठेवलेलं नाही."

ब्रोटओपा त्याच्या पाठीवरचा गंज झटकत म्हणाले, "तर मग, ती थकली. मीही."

फेरी त्यांच्या मुलीकडे गेली. पोरगी गुणी होती, पण भट्टीही तीच सांभाळायची. ती व्हॅनमधून यायची, दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, निघून जायची. पाव तोच होता. एका शुक्रवारी काठीवाल्या आजींची पिशवी संध्याकाळपर्यंत कडीला तशीच लोंबकळताना दिसली. मी जाऊन बेल दाबत राहिले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. आजींना ताप होता, आणि ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नातीला हाताशी धरून दारोदार फिरले. पुढच्या शुक्रवारी पावाच्या वेळेला आमच्या स्वयंपाकघरात या! मुलगा कळवळला, "आई, इथे सख्ख्या बहिणीकडे जायलासुद्धा आधी वेळ, म्हणजे टेर्मिन, घेतात. असं आयत्या वेळी कुणाच्या दारात जात नाहीत."

"गेनाऊ," मी म्हणाले, आणि पुढची बेल दाबली.

शुक्रवारी सगळ्या आल्या, आपापली पिशवी घेऊन. ब्रोटओपाही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांना खुर्ची दिली, चकल्या दिल्या. बायका एकदम बोलत होत्या आणि ते गप्प. तासभर झाला. मला वाटलं, माणूस कंटाळला. नातीकरवी हळूच सांगितलं, जायचं असेल तर जा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.

त्यांनी आणखी एक चकली उचलली.

"फ्राऊ आज्जी, पुढची गल्ली वाट बघतेय म्हणून इतकी वर्षं मी यांचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. आज शेवट ऐकूनच जाईन."