सिस्टरांच्या हौदातले बेडूक

सिस्टर चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. मिरजेच्या एका इस्पितळात त्यांनी उभी नोकरी काढली होती. झोपलेल्या पेशंटला जाग येऊ न देता डॉक्टरला झापायची सवय तिथंच लागली असणार. निवृत्तीनंतर त्या आमच्या कॉलनीत राहायला आल्या, तेव्हा मला वाटलं, बाई मवाळ दिसते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दारातल्या तुंबलेल्या गटारीकडं बोट दाखवलं आणि अगदी हळू विचारलं, "सर, शाळेत मुलांना स्वच्छता तुम्हीच शिकवता ना?" दुपारपर्यंत मी गटार उपसत होतो.

त्या मूळच्या जत तालुक्यातल्या. घरी आई कानडी बोलायची. "आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं आणि बेडूक जमिनीतनं," त्या सांगायच्या. "वर्षभर कुठं दिसायचा नाही. तो ओरडला की आई म्हणायची, कप्पे आली गं, घागरी बाहेर ठेव." कप्पे म्हणजे कानडीत बेडूक. झाडं, पाखरं, किडे, सगळ्यांवरच त्यांचा जीव, पण बेडूक त्यांना माहेरच्या माणसासारखा.

कॉलनीच्या मागं एक सखल मोकळा प्लॉट होता. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साठायचं. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात बांधकामाचा राडारोडा आणून टाकायला सुरुवात केली. पदर खोचून, बादली घेऊन सिस्टर त्या चिखलात उतरल्या आणि डंपरवाल्याला म्हणाल्या, "दहा मिनिटं थांब बाबा. खाली जिवंत आहेत." तो बिचारा तासभर थांबला. सतरा बेडूक निघाले.

"पाळणार की काय?" मी विचारलं.

"पाळायला ते काय पोपट आहेत? ॲडमिट केलेत. चांगलं पाणी सापडलं की डिस्चार्ज."

पण म्हणून पाळण्यातली मेहनत चुकली नाही. सुरुवातीला त्यांनी काचेची मोठी पेटी आणली. बेडकांना काच कळेना. उड्या मारून त्यांची नाकं सोलली. सिस्टर स्वतःवरच इतक्या संतापल्या, की पेटी त्याच दिवशी देऊन टाकली. मग परसातला धुण्याचा हौद रिकामा केला, त्यात एका बाजूला माती भरून अळू लावलं, वर हिरवी जाळी टाकली. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच ओतायचं, हात ओला केल्याशिवाय कुणाला उचलायचं नाही, असे नियम झाले. भाताकडं बेडूक ढुंकूनही बघेनात. हलतं तेवढंच त्यांना अन्न वाटतं, हे कळल्यावर निवृत्त मेट्रन खतखड्ड्यात गांडुळं शोधू लागली. प्रत्येक बेडकाला खाटेसारखा नंबर होता. "नऊ नंबर आज जेवला नाही," त्या काळजीनं सांगायच्या. गिळताना बेडूक डोळे मिटून आत ओढतो, हे मी जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही, त्या हौदावर वाकून पाहिलं.

मग कॉलनीला कंठ फुटला. बेडकांनी साप येतो म्हणे. शिवलं की चामखीळ येते म्हणे. त्यांच्या डरावण्यानं झोप होत नाही म्हणे. रस्त्यापलीकडच्या हॉलमधला डीजे या लोकांच्या झोपेला कधी आड आला नव्हता, आणि तळ्यात राडारोडा टाकणाऱ्याविरुद्ध एका ओळीचा अर्ज कुणी केला नव्हता. सिस्टरांविरुद्ध मात्र झाला. चेअरमन स्वतः घरोघर फिरले. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिच्या पाठीच्या जखमा सिस्टर रोज सकाळी येऊन धूत असत. अर्जावर सातवी सही माझी आहे. "सरांनी केली नाही तर बरं दिसणार नाही," असं चेअरमन म्हणाले आणि मी केली. बरं दिसण्यासाठी!

अर्जाची प्रत सिस्टरांना मिळाली. त्यानंतर आठ दिवसांनी भाच्याच्या लग्नासाठी त्या जतला निघाल्या, तेव्हा गांडुळांचा डबा आणि परसाची किल्ली घेऊन माझ्याच दारात उभ्या राहिल्या. मला वर बघवेना.

"सही केलीत ती केलीत," त्या म्हणाल्या. "दोन दिवस यांना वेळेवर खायला घाला. तुमच्याशिवाय कुणी ओल्या हातानं धरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली लावून परसात गेलो, तर जाळी एका बाजूनं उचकटलेली, हौदाचं पाणी दुधासारखं पांढरं आणि पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा वास नाकात जाणारा. बेडूक उलटे तरंगत होते. मी फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. पलीकडून शांत आवाज आला, "सर, रडायचं नंतर. हात ओले करा. हलणारे असतील ते साठवणीच्या पाण्यात धरा. पाणी बदलत राहा." त्या सांगत होत्या आणि मी करत होतो. दोन वाचले.

संध्याकाळी त्या परतल्या. मेलेला नऊ नंबर त्यांनी इंजेक्शनच्या जुन्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला आणि एकेका दाराची बेल वाजवली. "तुम्ही टाकलंत का?" एवढंच विचारत होत्या. मी मागं उभा होतो. सगळी दारं नाही म्हणाली. चेअरमन म्हणाले, "अहो सिस्टर, डास होतात म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूनं टाकलं असेल."

"चांगल्या हेतूला कुंपण चढावं लागत नाही," सिस्टर इतक्या हळू म्हणाल्या, की आतल्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला.

वाचलेल्या दोघांसाठी मी कोरेगावचं नाव काढलं. तिथं माझ्या भावाची शेती आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यातून आम्ही त्यांना पॅसेंजरनं नेलं. विहिरीशी पोचल्यावर सिस्टरांनी भावाची उलटतपासणी घेतली. औषधं कसली फवारता, पाणी आटतं का, मोटर कधी चालते. तो हरखून म्हणाला, "आवं सिस्टर, आमी ल्हान हुतो तवापासनं या हिरीत बेडकं हायती. त्यांना कोन काय करतंय? तुमी बिनघोर ऱ्हावा." सिस्टर पायऱ्या उतरल्या, ओंजळ पाण्याला टेकवली. दोघं गेले. त्यांनी डोळे पुसले आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमच्या गावात एवढी शहाणी माणसं असताना तुम्ही असे कसे निघालात, सर?"

 

महिन्याभरात त्या घर सोडून जतला भावाकडं गेल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारल्या. बातमी मीच कॉलनीत सांगितली. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर खडूनं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: "मुक्या प्राण्यांच्या कैवारी, आमच्या लाडक्या सिस्टर यांना भावपूर्ण श्रद्धांजली. समस्त रहिवासी." मी पुढं झालो आणि शेवटचे दोन शब्द तळहातानं पुसून टाकले.

"अहो सर, हे काय करताय?" चेअरमन धावत आले.

"श्रद्धांजली राहू द्या," मी म्हणालो. "पण ती आपल्या नावानं नको. आपण सह्या एकदा केल्यात."

त्यांनी संध्याकाळी ते दोन शब्द पुन्हा लिहिले. सकाळी शाळेला जाताना मी पुन्हा पुसले.