अध्यक्षांच्या शालीवरची हनुवटी

आमच्या वारज्याच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक संघ आहे आणि त्याला एक अध्यक्ष आहेत. मला हा माणूस आवडत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढे मी समतोल लिहीन अशी कोणाची अपेक्षा राहायला नको.

त्यांना सत्कार लागतो. सोसायटीची पाण्याची टाकी धुतली गेली तेव्हाही त्यांचा सत्कार झाला. टाकी धुणारे दोघे तोवर बादल्या घेऊन निघून गेले होते. एकदा त्यांच्या भाषणाआधी प्रोजेक्टरची निघालेली वायर मी परत खोचली, तर माइकवरून त्यांनी "आमचे तांत्रिक सहाय्यक" अशी माझी ओळख करून दिली. मी तेहतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली आहेत. तिथून एक कागद कधी गहाळ झाला नाही. त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसासाठी पुन्हा खुर्चीतून उठायचं नाही. तो निश्चय मी पाळला आणि भोगलं माझ्या बहिणीने.

गेल्या वर्षी अध्यक्षांनी "कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण" असा कार्यक्रम जाहीर केला. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यात बुद्धिमत्ता एका कोपऱ्यात होती आणि उरलेल्या जागेत अध्यक्ष. आपण तोंडी सांगू तसं चित्र कॉम्प्युटर काढून देतो, हे ते प्रत्यक्ष करून दाखवणार होते. ताई विश्रांतवाडीला एकटी राहते. तिला मी फोनवर हे सगळं थट्टेने सांगितलं. ती हसली नाही.

"आईचं काढतील का रे?" तिने विचारलं.

आमच्या आईचा फोटो नाही. स्टुडिओत जायचं दोन-तीनदा ठरलं होतं म्हणे, पण कधी वडिलांची पाळी बदलली, कधी मला ताप आला. मी पावणेदोन वर्षांचा असताना ती गेली. ताई तेव्हा दहा वर्षांची होती. म्हणजे आईचा चेहरा आता एकाच ठिकाणी शिल्लक होता, ताईच्या डोक्यात, आणि ताई हल्ली गॅस बंद केला की नाही ते विसरते.

"तो माणूस नुसता बोलतो गं," मी म्हणालो.

"बोलू दे की. काढतो ना?"

ती स्वारगेटला बस बदलून आली. ठेवणीतलं पातळ नेसली होती.

अध्यक्ष आधी चाळीस मिनिटं बोलले. मानवजात एका वळणावर उभी आहे आणि त्या वळणावर आपला संघही उभा आहे, असा एकूण आशय होता. मग त्यांनी लॅपटॉपवर कुठलीशी वेबसाइट उघडली. लॉग इन करा असं ती सारखी सांगत होती. अध्यक्षांनी ती सूचना दर वेळी माशी हाकलावी तशी बंद केली. एका गृहस्थांनी चंद्रावर भजी तळणारी बाई मागितली. ती आली. टाळ्या पडल्या. मग ताई उभी राहिली.

"भाऊ, आमच्या आईचं काढायचंय. मी सांगते तसं लिहा."

"सांगा, आजी," अध्यक्ष म्हणाले. ते स्वतः चौऱ्याहत्तरचे आहेत, ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान.

पहिल्या चित्रात दागिन्यांनी मढलेली, सिनेमातल्यासारखी बाई आली.

"नथ काढा. नव्हती आमच्याकडे."

"नथीने शोभा येते हो, आजी."

"ती घालून आली असती तर मी ओळखलंच नसतं. काढा."

अध्यक्ष एका बोटाने लिहीत होते. ताई थांबत नव्हती. गाल आत घ्या. कपाळ एवढं मोठं नाही. डावी भुवई मधे तुटलेली, तिथे चुलीतलं लाकूड लागलं होतं. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, एका ओळीत नाहीत, चुलीला मांडलेल्या दगडांसारखे. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, दोनदा "छान आलंय की" म्हणून बघितलं. ताईने दोन्ही वेळा मान हलवली. सहाव्या की सातव्या वेळी चित्र वरून खाली हळूहळू उलगडलं आणि ताई बोलायची थांबली.

"हीच," ती म्हणाली.

ती पडद्यापाशी गेली. तिची सावली चित्रावर पडली तेव्हा ती चटकन बाजूला झाली. मी जागेवरून बघत होतो. कामात असताना कोणी हाक मारल्यावर बघावं तशी, थोडी वैतागलेली, किडकिडीत बाई. तिचं नाक माझं होतं. अडुसष्ट वर्षांत मी तिला पहिल्यांदाच बघत होतो, आणि माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच.

चित्राच्या कोपऱ्यात खाली तोंड केलेला एक बारीक बाण होता. त्याचा अर्थ मला माहीत होता. विजेचं बिल मी दर महिन्याला तसलाच बाण दाबून उतरवून घेतो. दोन पावलं जायचं, बाण दाबायचा, चित्र लॅपटॉपवर उतरायचं, तिथून फोनवर घ्यायचं. निदान खिशातला मोबाईल काढून पडद्याचा फोटो तरी घ्यायचा. पण भजीवाल्या बाईच्या वेळी हॉलमधल्या सगळ्यांनी मोबाईल वर धरले होते, आणि सगळे करतात ते मी करत नाही याचा मला अभिमान होता. शिवाय उठलो असतो तर पुन्हा तांत्रिक सहाय्यक झालो असतो. मी बसून राहिलो. हा माणूस कधीतरी तो बाण दाबेलच, असं मला वाटलं. त्याच्याबद्दल आयुष्यात एकदाच चांगलं मत बाळगलं, ते नेमकं तेव्हा.

त्यांनी बाण दाबला नाही, कारण सत्काराची वेळ झाली होती. शाल आली, नारळ आला. चिटणीस बोलले, खजिनदार बोलले, आणि अध्यक्ष पडद्यापुढे, प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहून ऐकत होते. मग वडे आले. अध्यक्षांनी लॅपटॉप मिटला.

"चित्र ठेवलंत का?" मी विचारलं.

"अहो, ठेवायचं काय त्यात? सगळं क्लाउडवर असतं. लिंक टाकतो ग्रुपवर."

रात्री लिंक आली. मी उघडली. वेबसाइटचं पहिलं पान निघालं: टोपी घातलेलं मांजर आणि "आपली कल्पना येथे लिहा". अध्यक्षांनी वरच्या पट्टीतला वेबसाइटचा पत्ता उचलून पाठवला होता. कोणाला घराचा पत्ता विचारावा आणि त्याने नुसतं गल्लीचं नाव सांगावं, तसं ते होतं. लिंकखाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते.

सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी लॅपटॉप उघडला, तिथेही मांजरच.

"लॉग इन केलं नव्हतं ना तुम्ही," मी म्हणालो. "पान मिटलं की संपलं."

"तुम्ही फार लवकर निराश होता. वाक्य तेच टाकू, चित्र तेच येईल. मशीन आहे ते, माणूस नाही."

त्यांनी आठवेल तसं वाक्य लिहिलं. बाई आली. वेगळी. पुन्हा लिहिलं. तिसरीच आली. तीन ठिपके एकीच्या गालावर होते, दुसरीच्या कपाळावर. त्यांनी त्यातली जास्त देखणी निवडली, या वेळी बाण दाबला आणि ताईला पाठवून दिली. ताईचा फोन मला आला.

"ही कोण पाठवलीय त्यांनी?"

"तीच आहे म्हणतात."

"ही नाही रे. ही कधी उपाशी राहिलेली नाही." मग तिने विचारलं, "तू उतरवून घेतलं असशील ना? तू सगळं नीट ठेवतोस."

मी नाही म्हणालो. का नाही, ते तिने विचारलं नाही.

आठवडाभराने संघाच्या ग्रुपवर कार्यक्रमाचे फोटो आले. मी एकेक बघितला. पडदा बहुतेकांत होता, पण त्यावर आईचं चित्र होतं तिथे तिच्या चेहऱ्याच्या जागी अध्यक्ष होते. भजीवाल्या बाईचे मात्र अकरा स्वच्छ फोटो होते. फक्त एका फोटोत अध्यक्ष नारळ घ्यायला वाकलेले होते. त्यांच्या टकलाच्या वर, पडद्यावर, आईचं कपाळ, दोन्ही डोळे आणि तुटलेली भुवई. नाक त्यांच्या डोक्यावर पडून वितळलेलं. त्याखाली, पांढऱ्या शालीवर, तोंड आणि हनुवटी. तीन ठिपके अगदी स्पष्ट.

तो मी ताईला पाठवला. तिने घराजवळच्या फोटोवाल्याला दाखवला. फोटो नुसता पाठवला की बारीक होऊन येतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, असं तो म्हणाला. ज्याने काढला होता त्या गृहस्थांचा मी दोन दिवस पिच्छा पुरवला आणि मूळ फोटो तसा मागवून घेतला. या वेळी मी सगळ्या खुर्च्यांवरून उठलो.

"त्याला कापून टाकता येईल," मी ताईला म्हणालो.

"कापला तर हनुवटी जाते."

तिने तो अख्खा मोठा करून, चौकट करून भिंतीवर लावला. ही बातमी अध्यक्षांपर्यंत कशी पोहोचली माहीत नाही. बहुधा फोटो काढणाऱ्या गृहस्थांकडून. परवा बागेतल्या कट्ट्यावर ते सांगत होते, "विश्रांतवाडीला एका घरात माझा फोटो लावलाय. लोकांचं प्रेम असतं." मी तिथेच बसलो होतो.

महिन्यातून दोनदा मी ताईकडे जातो. जेवण झालं की ती मला चौकटीसमोर उभं करते आणि काचेवर दिवा चमकू नये म्हणून हाताला धरून थोडं डावीकडे सरकवते.

"दिसली का?" ती विचारते.

दिसते. आधी टक्कल दिसतं, मग शाल, मग नारळ. तेवढं सगळं बघून झालं की मग आई दिसते.