काळा उशिरा वाळतो

पेंटरजी दुकानातल्या डब्याचा काळा रंग कधी वापरत नसत. सौंसर गावात पाट्या रंगवणारे आणखी दोघे होते, त्यांचं डब्यावर भागायचं. पेंटरजी मात्र तेलाच्या दिव्यावर मातीची थाळी पालथी धरत, तिच्यावर जमलेली काजळी कोंबड्याच्या पिसाने झाडून घेत आणि जवसाच्या तेलात घोटत बसत. उजव्या हाताचा अंगठा कायमचा काळा. गावाने नाव ठेवलं होतं, काजळी पेंटर. त्यांना त्याचा राग नव्हता. "गावानं कायबी म्हनावं, पाटी लिवाले तं मलेच बलावते," असं म्हणून हसत.

आणि ते खरंच होतं. उभी रेघ ते श्वास रोखून ओढत. मध्येच कोणी काही विचारलं तर उत्तर रेघ संपल्यावर मिळे.

मी तेव्हा, ऐंशीच्या दशकात, तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. नोकरी नवी, बी.एस्सी.ची घमेंड ताजी. शाळा सुटल्यावर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. त्यांचं एक लाडकं मत होतं. "तेल हवा खाते अन् वाळते, सर. काजळी त्याले हवा खाऊ देत नाही." मी थट्टा करी. एकदा त्यांनी एकाच बाटलीतलं तेल दोन बश्यांत ओतलं, एकीत सफेदा घोटला, दुसरीत काजळी. चौथ्या दिवशी मला बोलावलं. पांढऱ्यावर साय धरली होती, बोटाला काही लागलं नाही. काळ्यात माझं बोट बुडालं.

"आता सांगा, तुमच्या पुस्तकात काय लिवलं हाये?"

पुस्तकात काहीच नव्हतं. "योगायोग असेल, पेंटरजी," असं म्हणून मी रुमालाला बोट पुसलं.

पुढे आमच्या शाळेच्या नव्या सभागृहाच्या पाटीचं काम त्यांना मिळालं. मुख्याध्यापकांना काळीच अक्षरं हवी होती, आणि उद्घाटन तिसऱ्या दिवशी. "काळा उशिरा वाळते, साहेब. आठ रोज द्या," पेंटरजी परोपरीने सांगत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "उन्हात सगळं वाळतं." पाटीवर मखमली पडदा चढला. पुढाऱ्यांनी दोरी ओढली, तशी ओली अक्षरं पडद्याबरोबर फरफटत गेली. सगळ्यात जास्त फरफटलं ते पुढाऱ्यांचंच नाव. लोक हसले. पुढारी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेंटरजींना कार्यालयात बोलावलं गेलं. "यानं तेलात भेसळ केली," मुख्याध्यापक म्हणाले, आणि ते सगळ्यांना लगेच पटलं. पेंटरजी बौद्ध वस्तीतले होते; पटायला इतकं पुरलं, हेही लिहिलंच पाहिजे. ते मात्र निर्धास्त उभे होते. "सरनं पाह्यलं हाये. सरले इचारा."

मला विचारलं गेलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. पेंटरजींनी सोबत आणलेली तेलाची बाटली मी नाकाशी नेली, जाणकाराचा चेहरा केला आणि म्हणालो, "शुद्ध जवस असतं तर तीन दिवसांत वाळायला हवं होतं."

पेंटरजींनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटली माझ्या हातून घेऊन तिचं बूच नीट लावलं आणि निघून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

सौंसरात त्यांना पुन्हा पाटी मिळाली नाही. ते पांढुर्ण्याला गेले आणि संत्र्याच्या पेट्यांवर पत्र्याच्या साच्याने व्यापाऱ्यांची नावं मारू लागले. श्वास रोखून रेघ ओढणाऱ्या माणसाच्या हाती साचा आला. एकदा तिथल्या बाजारात मला ते दिसले. बस सुटेल अशी मनाची समजूत घालून मी पुढे गेलो. बसला चांगला अर्धा तास होता.

बऱ्याच वर्षांनी एका मासिकात वाचलं. तेल हवेने वाळतं, खवट होतं, आपल्या शरीरातल्या पेशी बिघडतात, या सगळ्यांत फ्री रॅडिकल नावाच्या अस्थिर रेणूंचा हात असतो. आणि कार्बनचे, म्हणजे काजळीच्याच जातीचे, काही अतिसूक्ष्म कण त्यांना पकडून निकामी करतात. मोठ्या प्रयोगशाळांत त्यावर काम चाललं होतं. मला त्या दोन बश्या आठवल्या. मासिक पिशवीत घालून मी पांढुर्ण्याला गेलो.

दारात त्यांच्या पत्नी होत्या. "ते तं गेले, सर. दोन वर्सं झाले." मी मासिक उघडून समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तं त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "तुमालेबी मालूम होतं. ते सांगत राहे, सरनं बोट घालून पाह्यलं हाये, सर एक दिवस सांगतीन. मंग तवा काहून नाही सांगतलं?"

त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या. भीतीपोटी, एवढंच उत्तर होतं. तेही मी दिलं नाही. मासिक ओट्यावर ठेवून निघालो.

मागून त्यांची हाक आली. त्या मासिक घेऊन रस्त्यापर्यंत आल्या होत्या.

"हे तुमचं राह्यलं, सर."