मॉरिसच्या नावापुढचा कोरा चौकोन

मॉरिस एकर्सलीबद्दल वाईट बोलणारा माणूस थॉर्नशॉच्या तलावावरच्या आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात एकच आहे, आणि तो मी. तेही मनातल्या मनात. उघड बोललो तर हिलरी मला जेवायला घालायची नाही. हिलरी माझी बायको.

मॉरिस लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो. वय एकसष्ट, गुडघे गेलेले, त्याच्या कॅटामरानच्या शिडाला तीन ठिगळं. होड्या आमच्या सगळ्यांच्या एकाच जातीच्या. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, मध्ये ताणून बांधलेलं कापड, त्यावर दोघांनी बसायचं. मॉरिस एकटाच बसतो. ‘वजन कमी, म्हणून पळतो,’ असं मी अकरा हिवाळे सांगत आलोय. सोसाट्याच्या वाऱ्यात एकट्याला ही होडी आवरत नाही, आणि तरी तेव्हाही तोच पुढे असतो, हे मात्र मी सांगत नाही.

अकरा हिवाळे तो पहिला आणि आम्ही, म्हणजे हिलरी आणि मी, दुसरे. उन्हाळ्यात काय, कोणीही शीड उभारतं. आमची खरी शर्यत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी, दोर गोठून कडक झालेले असतात तेव्हा. पाण्यात उतरण्याआधी बुटात थर्मासमधलं कोमट पाणी ओतायचं. मॉरिस आपलं पाणी आधी दुसऱ्यांच्या बुटात ओततो. मग हिलरी म्हणणार, “किती चांगला आहे ना!” माझा नुसता जळफळाट होतो. मीही एकदा ओतलं होतं, ग्लेनिसच्या बुटात. जरा जास्तच गरम होतं. शर्यतीचा भोंगा वाजवणारी ही ग्लेनिस ते अजून बोलून दाखवते.

यंदा शेवटच्या रविवारच्या शर्यतीआधी आमचे आणि त्याचे गुण सारखे होते. जो पुढे राहील त्याचा कप. मला तो एकदा तरी हवाच होता, अगदी लहान मुलासारखा हवा होता.

शेवटच्या बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला, वळसा घातला तेव्हा आम्ही पुढे होतो. आमची एक बाजू पाण्याबाहेर उचललेली, हिलरी डोलकाठीच्या तारेला लटकून पाण्यावर आडवी.

“मागे बघू नकोस!” ती ओरडली. “रॉय, पुढे बघ, झुळूक येतेय!”

मी मागे बघितलं. त्याचं ठिगळांचं शीड किती जवळ आलंय ते बघितल्याशिवाय मला राहवेना. तेवढ्यात ती झुळूक हातची गेली आणि ती त्याला मिळाली. आमच्या शेजारून जाताना तो हसून म्हणाला, “काय रे रॉय, थांबलास कशाला? चहा प्यायला?” अर्ध्या होडीच्या अंतराने त्याने आमच्या आधी शेवटची रेघ ओलांडली आणि भोंगा त्याच्यासाठी वाजला.

किनाऱ्याला लागलो तेव्हा क्लबात धावपळ चालली होती. एक नवं जोडपं उलटून पाण्यात पडलं होतं. दोघांचे ओठ निळे झालेले, आणि नेमका न्हाणीघरातला गॅसचा बंब विझलेला. मॉरिस ओल्या कपड्यांनिशी बंबाखाली आडवा झाला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते.

मी सही करायला भिंतीवरच्या कागदाशी गेलो. आमच्या तलावावर पंच नसतो. नियमाने खेळलो असं ज्याने त्याने आपल्या नावापुढे सही करून सांगायचं, तेही शेवटची होडी आल्यापासून अर्ध्या तासात. सही नाही तर शर्यत बाद. माझ्या नावाच्या बरोबर वर मॉरिसचं नाव होतं आणि पुढचा चौकोन कोरा. मी माझी सही केली. आठ मिनिटं उरली होती.

मी न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“कोण, रॉय का?” खालून आवाज आला. “जरा ती काडेपेटी दे रे.”

मी दिली. “अजून काही?” मी विचारलं.

“नाही रे बाबा. तू जा, सूप घे, गार होईल.”

मी गेलो. मटारचं सूप घेतलं. चव कसली ती लागलीच नाही, घड्याळाकडे बघत ते सगळं संपवलं.

ग्लेनिसने कागद उतरवला आणि तिचा चेहरा पडला. “मॉरिस, तुझी सही?”

“अरे देवा!” काजळीने माखलेला हात त्याने कपाळावर मारला.

“दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?” कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बाजूने एकही मान नव्हती.

“अहं,” मॉरिस म्हणाला. “गेल्या वर्षी सही राहिली म्हणून पर्सीला बाद केलं ना आपण? मग मलाही करा.” कप त्याने स्वतः आणून माझ्या हातात ठेवला. “घे लेका. याची धूळ पुसून कंटाळलो होतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्याच्यासाठी. कप माझ्या हातात आणि टाळ्या त्याला! तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच.

बाहेर गाडीपाशी हिलरीने विचारलं, “सही करताना त्याचा चौकोन दिसला नाही तुला?”

“नाही बघितला.”

“अकरा वर्षं त्याच्या शिडाची सुरकुतीन् सुरकुती बघतोस. आज शर्यत सोडून बघत बसलास. आणि तुझ्या नावावरचं त्याचं नाव नाही बघितलंस?”

तिने कप मागच्या सीटवर ठेवला, दार लावलं आणि मॉरिसबरोबर त्याची डोलकाठी उतरवायला निघून गेली.