ऑल क्लिअर कोण देणार?

चहा घ्या आधी, गरम आहे तोवर. माझा कप मी डाव्या हातानेच उचलणार, हसू नका. उजवा खांदा कामातून गेलाय आणि तो कसा गेला, हेच तर सांगायला बसलेय. लोकांचे खांदे जिन्यात पडून जातात, गाडीवरून घसरून जातात. माझा युद्धात गेला! तोही इथे नाशिक रोडला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. हौसेने नाही हो! रिटायर झाले त्याच महिन्यात मीटिंग होती. मी जरा उशिरा पोचले, तर तोवर मला निवडून टाकलेलं. तेव्हापासून पाण्याची मोटर मी लावायची, बंदही मीच करायची. लिफ्ट अडकली, मॅडम. घंटागाडी आली नाही, मॅडम. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीचं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या चादरीवर पडलं, मॅडम! नोकरीत निदान रविवार तरी असायचा. मला फक्त एवढंच हवं होतं की कोणीतरी हे पद घ्यावं आणि मला दुपारची एक सलग झोप मिळावी. फार मागितलं का मी?

आणि घेणारा सापडला! तळमजल्यावरचे सुभेदार निकम. सैन्यातून निवृत्त, मूळचे सिन्नरकडचे, मिशा अजून ड्युटीवर. मध्यंतरी सगळीकडे मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले, आठवतंय ना? तेव्हापासून आपल्या सोसायटीचंही ड्रिल व्हायलाच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"मॅडम, सरकारी भोंगा हितवर ऐकू नाय आला तर? आपला सोताचा पायजे!"

आणि खरंच, देवळाली कॅम्पच्या बाजारातून ते एक हाताने फिरवायचा सायरन घेऊन आले. लोखंडी डबा, बाजूला हँडल. वजन माझ्या गॅस सिलिंडरएवढं.

"एक ड्रिल नीट पार पाडून दाखवा," ते म्हणाले, "रविवारच्या मीटिंगीत सेक्रेटरीचा चार्ज घेतो. शब्द हाये."

आता मला सांगा, असा शब्द मिळाल्यावर कोण नाही म्हणेल? मी तर त्यांच्यासाठी गच्चीवरून उडीसुद्धा मारली असती.

मग त्यांनी नियम सांगितले. "आवाज वर-खाली, वर-खाली झाला म्हंजे धोका. सगळ्यांनी पार्किंगमध्ये येऊन खाली वाकायचं. एकच सरळ, लांब सूर निघाला म्हंजे ऑल क्लिअर, धोका टळला. मंग उठायचं. त्याच्या आधी कोणी हाललं तर मी हाये!"

"आणि वाजवणार कोण?"

"सेक्रेटरी. दुसरं कोण? प्रॅक्टिस करून ठेवा."

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "केली का प्रॅक्टिस?"

"केली की!" मी म्हटलं.

कसली प्रॅक्टिस! भोंग्याची प्रॅक्टिस काय स्वयंपाकघरात करायची? शिवाय हँडल फिरवण्यात शिकायचं काय असतं हो? दर उन्हाळ्यात शेवयांचं मशीन फिरवून अख्खं सासर पोसलंय मी.

ड्रिलच्या दिवशी निकमांनी लिफ्टचा स्विच बंद केला, म्हणजे जिनाच. मोबाईल सगळ्यांनी घरातच ठेवायचे, कारण युद्धात व्हॉट्सअ‍ॅप नसतं. मी चार मजले चढून गच्चीवर गेले. तिथेच माझं निम्मं सैन्य गारद झालं.

निकमांनी आधीच वर नेऊन ठेवलेल्या भोंग्याचं हँडल फिरवलं. आधी नुसतं घरघरलं, मग असा काही गळा काढला त्याने, की गल्लीतली कुत्री साथीला आली. वर-खाली, वर-खाली! मला काही करावंच लागलं नाही, आपोआप होत होतं.

कठड्यावरून वाकून पाहिलं, तर मंडळी निवांत उतरत होती. आमच्याकडे मोठ्या आवाजाला कोणी भीक घालत नाही. तिकडे देवळालीला लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तर आम्ही फार तर चहाचा कप सावरून धरतो. समोरच्या फ्लॅटमधल्या पाटील वहिनी तर सोलायला मटार घेऊन निघाल्या होत्या. पण उतरले सगळे! निकमांनी शिट्टी मारली आणि सगळे स्कुटरींच्या मधे ओळीने वाकून बसले. माझ्या डोळ्यांपुढे रविवार दिसायला लागला.

उरलं काय, तर ऑल क्लिअर. एक सरळ सूर.

आणि इथेच माझं शहाणपण उघडं पडलं. सरळ सूर कधी निघतो? हँडल एकाच वेगाने फिरलं तर! तोवर माझ्या हाताचा पार भुगा झालेला. सूर वर गेला, छान सरळ झाला, खांद्यात कळ आली आणि सूर खाली बसला. घाबरून मी जोर लावला, तो पुन्हा वर गेला. दमले, पुन्हा खाली.

खालून निकमांची आरोळी आली, "दुसरा हल्ला! वाका खाली, वाका!"

अरे देवा! मी हात बदलला. डाव्या हाताने तर तिसरा हल्ला झाला. दोन्ही हात लावले, चौथा. सूर सरळ काढायला जावं तर माझा दमलेला हात पुन्हा धोक्याची सूचना देत होता. शेवटी हँडल सोडून मी कठड्यावरून ओरडले, "अहो, संपलंय सगळं! ऑल क्लिअर!"

"तोंडी ऑर्डर चालत नाय!" निकम खालून गरजले. "ओरडायला काय, शत्रूपण वरडंल!"

चार मजले उतरून मी खाली गेले. आमचे हे दोन स्कुटरींच्या मधे अडकलेले. "अगं, थांबव आता तुझं युद्ध," ते कण्हले, "कंबर धरलीय माझी."

"निकमसाहेब, खरंच संपलंय हो. मी समोर उभी राहून सांगतेय ना!"

"मॅडम!" त्यांचे डोळे मोठे झाले. "हल्ला चालू असताना पोस्ट सोडली? जा आधी वर!"

आणि मी गेले की हो! काय करणार, चार्ज घेणारा माणूस तो. त्याला नाराज करून मला जन्मभर मोटर लावायची होती का? पुन्हा चार मजले चढले. मधे एका पायरीवर बसले, मनात आलं, पडू दे खराच बॉम्ब, निदान पडून तरी राहता येईल.

वर जाऊन हँडल धरलं, तेव्हा जो आवाज निघाला, तो भोंग्याचा होता की माझा, मला सांगता येणार नाही. दोघंही रडतच होतो. शेजारच्या सोसायटीतले लोकसुद्धा आता गॅलरीत येऊन आकाशाकडे बघायला लागले होते.

तेवढ्यात पार्किंगमधला नळ गुरगुरला. पाटील वहिनींनी मान वर केली.

"पाणी आलं!"

बस! जी मंडळी हल्ल्याला निवांत उतरली होती, ती पाण्यासाठी जिना हादरवत वर पळाली. मटार पार्किंगभर पसरले. मागे निकम शिट्टीवर शिट्टी मारतायत, "बसा! ऑल क्लिअर नाय झालं! बसा म्हंतो ना!" पण नाशिक रोडला पाण्याच्या वेळी कोण कुणाचं ऐकतं?

मला वाटलं, चला, सुटले. एकदाची टेकणार, तोच प्रत्येक खिडकीतून एकच हाक आली.

"मॅडम, मोटर!"

पुन्हा खाली.

रविवारी मीटिंगला मी मोटरच्या खोलीची किल्ली रुमालात बांधूनच नेली होती, निकमांच्या हातात द्यायला. ते उभे राहिले, घसा साफ केला.

"शब्द दिला व्हता, मी नाकारत नाय. पण ऑल क्लिअर झालेलं नाय. हल्ला चालू असताना चार्ज बदलत नसतो. मॅडमनी एकदा सरळ सूर काढून दावावा, त्याच मिनिटाला किल्ली घेतो."

"मंजूर!" अख्खी सोसायटी एका आवाजात म्हणाली. तो सूर मात्र अगदी सरळ होता, त्यात आमचे हेसुद्धा होते.

म्हणजे बघा, आमच्या सोसायटीवरचा हल्ला अजून चालूच आहे आणि मी पोस्टवर आहे.

त्यानंतर खांदा वरच जाईना, म्हणून हे मला फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि मला एका भिंतीपाशी नेलं. भिंतीवर काय असावं? एक मोठं चाक! बाजूला हँडल!

"फिरवा मॅडम," डॉक्टर म्हणाले, "सावकाश, एकाच वेगाने. मधेच जोरात, मधेच हळू असं नको."

मी हँडल धरलं.

"एका वेगात जमायला किती दिवस लागतील, डॉक्टर?" मी विचारलं.

"लागतील थोडे. या वयात एवढी घाई कशाला करता?"

"युद्ध थांबवायचंय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच यांच्याकडे वळून विचारलं, "मॅडमना झोप लागते का नीट?"