लाडाचं नाव

बेबी पावडरचा वास आला की मला आखातातल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतली एक दुपार आठवते. खाली हॉलमध्ये आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि वरच्या खोलीत मी आणि रत्नागिरीच्या एक भाभी सगळ्यांची मुलं सांभाळत होतो. आईवडील त्याच इमारतीत, तेही थोडाच वेळ, म्हणून पाळणाघराचं लायसन्स लागत नाही, असं आयोजकांनी सांगितलं होतं. त्यामुळे दारावर कुणी विचारणारंही नव्हतं. कार्यक्रम संपत आला तशी एक बाई दारात येऊन हसत म्हणाली, "पिठुकले, यल्ला, घरी चल!" एक छोटी मुलगी आनंदाने उठली, दाराकडे निघाली आणि मध्येच थांबली. "शी इज नॉट माय मम्मा," ती हळूच म्हणाली. भाभींनी तिला झटकन उचलून घेतलं. "आईला बोलावते," मी म्हणाले. "बोलवा ना, मी थांबते," बाई तशीच हसत म्हणाली. मी फोन लावून मान वर केली, तर दारात कुणीच नव्हतं. आई धावत आली. मी ते नाव सांगताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. "असं मी तिला फक्त झोपवताना म्हणते, दिवे मालवल्यावर. दुसऱ्या कुणाला माहीतच नाही." ती बाई कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी मात्र माझ्या मुलाला लाडाने हाक मारण्याआधी अजूनही खिडकी लावून घेते.